चित्रपट संगीतकारांचे चित्रपटाबाहेरचे अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तमिळ चित्रपटांचे संगीतकार इलैयाराजा यांची ‘व्हॅलियंट’ ही सिम्फनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांब रचना, ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये वाजली आणि गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या ऐकण्याच्या बैठकीकडे येणाऱ्या प्रश्नांची तऱ्हाच बदलली. आधी लोक विचारायचे, या खेपेला कुणाची गाणी? आता विचारतात, सिनेमाच्या माणसाने सिनेमा बाजूला ठेवून केलेले हे संगीत ऐकायचे तरी कसे? तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चित्रपटाबाहेरचा अल्बम म्हणजे नेमका कोणता? चित्रपटातल्या गाण्यांची सीडी त्यात येते का?

येत नाही. गाण्यांची सीडी असो की पार्श्वसंगीताची, ते संगीत कुठल्या तरी दृश्यासाठी झालेले असते. नायिका जिना उतरते तेवढीच व्हायोलिने वाजतात, आणि संवाद सुरू झाला की ती खाली बसतात. संगीतकाराच्या हातात वेळ नसतो, तो संकलकाच्या हातात असतो. चित्रपटाबाहेरच्या अल्बममध्ये ही दोरी सुटते. तुकडा तीन मिनिटांचा करायचा की तेरा, कुठे थांबायचे, गाणारा माणूस हवा की नको, हे सगळे त्यानेच ठरवायचे. म्हणून हे अल्बम बहुधा वाद्यसंगीताचे असतात आणि बहुधा दोन-तीन परंपरांच्या सीमेवर उभे असतात. ज्याने चाळीस वर्षे सकाळी कॅबरे आणि संध्याकाळी भजन रचले, त्याला एकाच चौकटीत बसा म्हणणे कठीण.

२. मला फक्त सिनेमाची गाणी आवडतात. सुरुवात कुठून करू?

इलैयाराजांपासून, आणि तीही सिम्फनीपासून नको. १९८६ चा ‘हाउ टू नेम इट’ आधी ऐका. मग १९८८ चा ‘नथिंग बट विंड’, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे आणि ती ओळखीची असल्याने वाट चुकत नाही. त्यानंतर २००५ चे ‘तिरुवासगम’, म्हणजे माणिक्कवाचकरांच्या तमिळ भक्तिरचना बुडापेस्टच्या ऑर्केस्ट्रासह. हिंदी सिनेमाच्या बाजूने यायचे असेल तर शंकर-जयकिशन यांचा १९६८ चा ‘राग-जॅझ स्टाइल’ (प्रश्न ६).

ज्यांना इलैयाराजा हे नावच परके वाटते त्यांनी १९८३ चा ‘सदमा’ आठवावा. ती गाणी त्यांचीच. २०१५ साली पणजीच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, वर्षातल्या भारतीय चित्रपट व्यक्तिमत्त्वाचा पुरस्कार त्यांना दिला गेला, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा नीट वाचले असावे.

३. ‘व्हॅलियंट’ ही त्यांची पहिलीच सिम्फनी का? मग १९९३ मध्ये काय झाले होते?

१९९३ मध्ये त्यांनी लंडनला एक पूर्ण सिम्फनी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून ध्वनिमुद्रित करून घेतली होती. ती कधीच बाजारात आली नाही. त्यामुळे जुन्या चाहत्यांकडून ‘ती ऐकली’ असे कानावर आले तर थोडे सबुरीने घ्या. ‘व्हॅलियंट’ ही रसिकांसमोर, सभागृहात सादर झालेली त्यांची सिम्फनी आणि तिला ‘सिम्फनी क्रमांक १’ असेच म्हटले गेले. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. पन्नईपुरम या खेड्यातून आलेला, थोरल्या भावाच्या मंडळीबरोबर गावोगाव वाजवत फिरलेला हा माणूस मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य नोटेशन शिकला. ‘अन्नकिळी’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९७६ चा. म्हणजे पहिल्या चित्रपटापासून लंडनच्या त्या संध्याकाळपर्यंत जवळपास अर्धे शतक गेले.

४. ‘हाउ टू नेम इट’ दोनदा ऐकला, डोक्यावरून गेला. काय ऐकायचे असते त्यात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तरही लांबच द्यावे लागते.

अल्बम त्यागराज आणि योहान सेबास्टियन बाख या दोघांना अर्पण केलेला आहे. एक तंजावरकडचा रामभक्त रचनाकार, दुसरा जर्मनीतला रचनाकार आणि चर्चचा ऑर्गनवादक. त्यागराज जन्मले १७६७ साली, बाख वारले १७५०. भेट होणे शक्यच नव्हते, ती इलैयाराजांनी आपल्या घरी घडवून आणली. एका तुकड्याचे नावच आहे ‘आय मेट बाख इन माय हाउस’. व्हायोलिन व्ही. एस. नरसिंहन यांचे.

पहिल्यांदा ऐकताना सुरावट शोधू नका, व्हायोलिन एका वेळी किती माणसांशी बोलते आहे ते मोजा. बाखच्या पद्धतीत एक ओळ सुरू होते, ती संपायच्या आत दुसरे वाद्य तीच ओळ वेगळ्या स्वरावरून उचलते, मग तिसरे. भजनात मुख्य भजनी ओळ टाकतो आणि मागचे ती झेलतात, तसेच काहीसे, फक्त इथे मुख्य भजनी थांबत नाही. तो पुढची ओळ गातच राहतो आणि तरी गोंधळ होत नाही. याच बांधणीला फ्यूग म्हणतात. हे एकदा कानाला सापडले की ‘मॅड मॉड मूड फ्यूग’ हा तुकडा एकदम मोकळा होतो.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त खालचा आवाज धरा. इलैयाराजांच्या संगीतात बेसची ओळ स्वतःच गाते, ती नुसती ताल धरून बसत नाही. त्यांच्या चित्रपटगीतांतही हे आहे, पण तिथे वर गायक असल्याने आपण तिकडे लक्ष देत नाही. (फोनच्या स्पीकरवर ही ओळ ऐकूच येत नाही, प्रश्न ९ पाहा.)

तिसऱ्यांदा ऐकताना राग शोधा. इथे कर्नाटक पद्धतीची गमके आहेत आणि तीच खरी कसरत आहे. बाखच्या रचनेत स्वर सरळ उभा असतो. गमकात तो डोलतो. तो डोलला की दुसऱ्या वाद्याशी जुळलेला मेळ बिघडू शकतो. कुठे डोलू द्यायचे आणि कुठे ताठ उभे करायचे, हा निर्णय प्रत्येक ओळीला घ्यावा लागतो. काही ठिकाणी तो फसलाही आहे असे माझे मत, आणि ते मत बैठकीत कुणालाच पटत नाही.

५. हे सगळे मद्रास, मुंबई, लंडनचे. गोव्याशी संबंध काय? उगाच ओढूनताणून लावता का?

ओढून लावायची गरजच नाही. उलट हिंदी चित्रपटसंगीतातून गोवा काढला तर काय उरेल हा प्रश्न विचारून पाहा.

पोर्तुगीज काळात इथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा चर्चचा मेस्त, शिस्त कडक, फी जवळजवळ नाहीच. त्यामुळे शेतकऱ्याचे, माडाची ताडी काढणाऱ्या रेंदेराचे पोरही पाच रेघांवर लिहिलेले संगीत समोर ठेवले की वाजवू शकत असे. गोव्यात या कलेला पैसे नव्हते, म्हणून ही पोरे मुंबईला गेली. आधी हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये लागली. मग स्वातंत्र्यानंतर गोरे गिऱ्हाईक गेले, मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले, आणि ही सगळी मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात शिरली.

तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकार पेटीवर चाल गात असे. पण समोर तीस-चाळीस व्हायोलिने, चेलो, ट्रम्पेट, ॲकॉर्डियन असेल, तर प्रत्येकाने काय वाजवायचे हे कुणी तरी लिहून द्यावे लागते. लिहून देणारा तो अरेंजर. सबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे करत. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांबरोबर होते. १९५१ चा ‘अलबेला’ ऐकताना जो पितळी झणका जाणवतो त्यामागे तो बँड आहे. चाल पुणतांब्यात जन्मलेल्या मराठी माणसाची आणि वाजप हळदोण्याच्या माणसाचे, यापेक्षा जवळचा संबंध काय हवा?

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे दोघे त्यांचे विद्यार्थी. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या सिम्फनिक रचनांसाठी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. म्हणजे रागावर सिम्फनी बेतण्याचे काम या गोंयकाराने लंडनच्या त्या संध्याकाळच्या सहासष्ट-सदुसष्ट वर्षे आधी करून पाहिले होते. पुढे ते अमेरिकेला गेले, परत आले आणि माजोर्ड्यात शांतपणे राहिले. २०१२ मध्ये वारले. देशाला त्यांचे नाव माहीत आहे ते प्यारेलालनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव गाण्यात घालून टाकले म्हणून. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ सगळ्यांना आठवतो, व्हायोलिन मास्तर कुणाला आठवत नाही. माझे एकच म्हणणे आहे, आणि ते या पानावर पुन्हा पुन्हा येईल: अल्बम ऐकायच्या आधी वाजवणाऱ्यांची नावे वाचा.

६. ‘राग-जॅझ स्टाइल’ म्हणजे राग बिघडवणेच ना?

ऐकून ठरवा. अकरा तुकडे, प्रत्येक एका रागावर: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मिया मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर ल्युसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, बेसवर एडी त्रावास, गिटारवर आनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक, बासरीवर सुमन राज, तबल्यावर रमाकांत. आडनावे मोठ्याने वाचून पाहा, मडगावच्या बाजारात उभे राहिल्यासारखे वाटेल.

रागाचे शास्त्र पाहायचे तर चलन, म्हणजे रागाची ठरलेली स्वरांची चाल, बहुतेक ठिकाणी सांभाळले आहे, विस्तार नाही. चार-पाच मिनिटांत विस्तार होणारही नव्हता. उलट जॅझच्या बाजूने पाहिले तर मंडळी फार सुटून वाजवत नाहीत, अरेंजमेंटचा लगाम घट्ट आहे. मला मालकंसापेक्षा बैरागी जास्त जमलेला वाटतो, कारण तिथे सतार आणि सॅक्सोफोन एकमेकांना जागा देतात.

७. मला राग कळतो, पण सिम्फनी, हार्मनी वगैरे कळत नाही. ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि तुम्ही गोव्यात वाढला असाल तर हार्मनी तुम्ही लहानपणापासून ऐकता आहात. फक्त तिला हे नाव आहे हे माहीत नव्हते. मांडो हे आपले कोंकणी गीत दोन आवाजांत गायले जाते, वरचा आणि त्याला समांतर खालचा. शेजारच्या ख्रिस्ती घरी लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाली की व्हायोलिनसोबत तीच दोन आवाजांची रचना कानावर पडते. त्याच गावात चतुर्थीला आरत्यांना घुमट (मडक्यासारखे मातीचे वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कांसाळे (झांजा) असतात. एकाच कानाने दोन्ही ऐकलेला माणूस या अल्बमना परका कसा?

उलट बाजूने विचारणारेही आहेत: पियानो शिकलो, राग कळत नाही. त्यांना एवढेच सांगतो की आधी भैरवी पकडा. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी ऐका, तीच १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सुवर्णतबकडीत गेली. मग प्रश्न ६ मधली भैरवी ऐका. दोन्हींत काय राहिले आणि काय गेले, ते तुमचे तुम्हालाच कळेल.

८. घुमट घेऊन असा मोठा अल्बम कुणी का करत नाही?

सगळ्यांत आवडता प्रश्न. घुमटाला दोन तोंडे, मोठ्यावर कातडे आणि लहान उघडे. डावा तळवा उघड्या तोंडावर दाबून-सोडून आवाज खोल-उथळ करतात. हा घुमार माइकमध्ये पकडणे अवघड जाते, कारण खरा आवाज दोन्ही तोंडांतून निघतो आणि माइक लावला जातो एकाच बाजूला. शिवाय दमट हवेत कातडे ढिले पडते, ऑर्केस्ट्राशी सूर जुळवून दोन तास बसवणे त्रासाचे. पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे वापरतात, आणि जुने वाजपी सांगतात की तो आवाज नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. जाहीर करून अल्बम होत नाही, एवढे खरे.

तसे सीमा ओलांडायचे काम मांडोने एकोणिसाव्या शतकातच केले आहे: घुमट आणि व्हायोलिन शेजारी बसवून.

९. फोनवर ऐकले तर चालेल का?

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर नाही. त्या इवल्या स्पीकरला खालचे स्वर वाजवताच येत नाहीत, त्यामुळे चेलो आणि डबल बेस गायब होतात आणि तुम्ही अर्धाच अल्बम ऐकता. तारेचे साधे इअरफोन त्यापेक्षा कितीतरी बरे. ब्लूटूथ चालेल, पण आवाज दाबून पाठवला जातो, त्यात झांजांची आणि व्हायोलिनच्या वरच्या स्वरांची झिलई थोडी जाते.

ॲपमध्ये तीन गोष्टी पाहून घ्या. ध्वनीचा दर्जा ‘साधारण’वर असेल तर वरचा निवडा. एक गाणे दुसऱ्यात मिसळणारी सोय बंद करा, कारण तुकड्यांमधली शांतता संगीतकाराने मोजून ठेवलेली असते. आणि क्रम उलटसुलट करणारे बटण बंद ठेवा. हे शेवटचे लोक विसरतात आणि मग म्हणतात अल्बमला आकार नाही.

गाडीत ऐकू नका. फोंडा-पणजी रस्त्यावर हळू वाजणारे भाग इंजिनाखाली बुडतात, मग आवाज वाढवता आणि पुढच्या क्षणी ट्रम्पेट कानात शिरतो.

१०. एका बैठकीत पूर्ण ऐकलाच पाहिजे का?

नाही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, तिथून आपल्याला गाण्याची ती लांबी अंगवळणी पडली. नंतर आलेल्या एलपीच्या, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावतात. जुने अल्बम त्या हिशोबानेच रचलेले आहेत. म्हणून एक बाजू ऐका, चहा घ्या, दुसरी लावा.

११. आजोबांच्या एलपींना पावसाळ्यात बुरशी आली आहे. टाकून द्यायच्या का?

अजिबात नको. बुरशी बहुतेक वेळा वर बसलेली असते, खाचांत रुजलेली नसते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाका, मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, हलक्या हाताने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. मधल्या कागदी लेबलला पाणी लावू नका. सावलीत उभ्या ठेवून वाळवा. उन्हात ठेवाल तर दुपारपर्यंत तबकडी वाकलेली असेल. आतला जुना कागदी लिफाफा फेकून द्या, बुरशीचे घर तोच असतो. पण बाहेरचे कव्हर जपा, त्यावर नावे आहेत (प्रश्न १४).

ठेवताना उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. जून ते सप्टेंबर ती भिंत आतून घामाघूम असते.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कुठलेही क्लीनर लावू नका, लाख विरघळते.

१२. कॅसेटचे काय?

बुरशी दिसत असेल तर चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडला लागून ती पुढच्या सगळ्या कॅसेटींना जाते. जुन्या, मोडकळीच्या प्लेअरवर एकदा वाजवा आणि त्याच वेळी डिजिटल करून घ्या. दुसरी संधी मिळेल असे धरू नका.

१३. आमच्या वाचनालयात किंवा क्लबात असा अल्बम सगळ्यांना ऐकवायचा असेल तर परवाना लागतो का?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलतींची यादी आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबाने किंवा तशाच संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवले तर ते उल्लंघन ठरत नाही. आमची बैठक याच आधारावर चालते. तिकीट लावले, प्रायोजक घेतला, किंवा रेस्टॉरंटात गिऱ्हाइकांसाठी वाजवले, की तो आधार निघून गेला. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना परवाना लागतोच.

लग्नाचे विचारणारे फार. धार्मिक विधी, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळे, यांना त्याच कलमात सूट आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या सुटीबद्दल परिपत्रक काढले होते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. त्यामुळे परिपत्रकाची झेरॉक्स दाखवून भागणार नाही. सूट कायद्यात जेवढी आहे तेवढीच, आणि हॉटेलातला कार्यक्रम त्यात बसतो की नाही हे त्या कार्यक्रमाच्या स्वरूपावर ठरते. मोठा खर्च असेल तर वकिलाला विचारा, आम्हाला नको. रात्री दहानंतरच्या आवाजाचा नियम वेगळा, तो परवाना असला तरी लागू होतो.

१४. माझे आजोबा मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवायचे असे घरी सांगतात. कुठल्या अल्बममध्ये आहेत ते कसे शोधू?

हा प्रश्न आला की आम्ही सगळे कामाला लागतो.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शोधून फारसे मिळणार नाही. वादकांची नावे त्यात नसत आणि अरेंजरचे आलेच तर ‘सहायक’ म्हणून. घरूनच सुरुवात करा. वादक मंडळी लिहून घेतलेल्या संगीताचे कागद जपत. ट्रंकेत पाच रेघांचे कागद सापडले तर ते रद्दीत देऊ नका, त्यावर बहुधा गाण्याचे शब्द नसतात, पण कोपऱ्यात चित्रपटाचे किंवा संगीतकाराचे नाव खरडलेले असू शकते. जुन्या डायऱ्यांत ध्वनिमुद्रणाची तारीख आणि मिळालेले पैसे लिहिलेले असू शकतात. फोटोच्या मागे पाहा. बरोबरीच्या वादकांची नावे कळली तर त्यांच्या घरी जा, त्यांच्याकडच्या फोटोत आजोबा असतील.

मग चित्रपटाबाहेरचे अल्बम तपासा. प्रश्न ६ मधल्या अल्बमची वादकांची यादी आज आपल्याला वाचता येते, कारण तिथे प्रत्येक वाद्य सुटे आणि पुढे होते. चाळीस व्हायोलिनांच्या गर्दीत वाजवणारा माणूस इथे एकटा ऐकू येतो. चित्रपटाबाहेरच्या अल्बमचा मला वाटणारा सगळ्यांत मोठा उपयोग हाच. स्ट्रीमिंग ॲपवर मात्र संगीतकाराचे एकच नाव दिसते आणि खाली काही नाही. म्हणजे १९६८ ला जे छापले गेले ते आज पुन्हा पुसले जाते आहे.

सापडले तर आम्हाला कळवा. न सापडले तरी कागद घेऊन या, स्वरलेखन वाचणारे दोघे बैठकीत आहेत. कागदावरची ओळ व्हायोलिनवर वाजवून पाहिली की गाणे ओळखता येते.

१५. १९६८ चा अल्बम आता कॉपीराइटमधून मोकळा झाला असेल ना? वेबसाइटवर टाकू का?

अजून नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. आणि गोम पुढे आहे. ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी रचना मोकळी होत नाही. तिचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि दोघांची मिळून रचना असेल तर मागे राहिलेल्याच्या मृत्यूपासून मोजतात. जयकिशन १९७१ मध्ये गेले, शंकर १९८७ मध्ये. म्हणजे २०४८ उजाडेल. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांचा मानधनातला वाटा कायद्यात पक्का झाला. वादकांच्या हक्काबद्दलही कायद्यात कलम आहे, पण तेव्हा ठोक पैसे घेऊन घरी गेलेल्या माणसाला त्याचा किती उपयोग, हे न विचारलेलेच बरे.

१६. खळ्यांचे ‘अभंग तुकयाचे’ यात धरायचे का? तेही सिनेमाबाहेरचेच.

हो, नक्की. श्रीनिवास खळे सिनेमासाठीही करत आणि त्यांचे खरे घर सिनेमाबाहेर होते. फक्त तिथे शब्द पुढे आणि वाद्ये मागे आहेत, म्हणून या पानावर त्याबद्दल जास्त लिहिलेले नाही. भीमसेन आणि लताबाईंचे ‘राम श्याम गुणगान’ही तसेच.

१७. उतारवयातले अल्बम संगीतकाराच्या हट्टापायी होतात, त्यात जीव नसतो. पटते का?

अर्धे पटते. ‘तिरुवासगम’मध्ये समूहगान काही जागी इतके चढते की माणिक्कवाचकरांचा एकट्याचा विलाप त्याखाली दबतो. पैसा आणि मोठा ऑर्केस्ट्रा मिळाला की सगळेच वाजवून घ्यायचा मोह होतो. पण त्याच माणसाने १९८६ मध्ये, चित्रपटांचे काम अंगावर असताना, बाखवर अल्बम केला होता. तेव्हा हट्ट वयाचा नाही, स्वभावाचा. आणि तरुणपणी हट्ट करायला निर्मात्याने वेळ दिला असता तर हे अल्बम तेव्हाच झाले असते.

१८. बैठकीला यायला काही वाजवता-गाता यावे लागते का? वर्गणी किती?

काही यावे लागत नाही आणि वर्गणी नाही (कारण प्रश्न १३). फोन बंद ठेवावा लागतो. पुढच्या खेपेला ‘नथिंग बट विंड’ आहे.